कल्हई

हिद्दच्या सुक्या गोदीत जहाज टेकतं
तेव्हा त्याचं पोट दिसतं. एरवी कुणाला दिसत नाही ते.
तांबडं, खवले धरलेलं, चार मजली,
आणि खाली आम्ही, नळी खांद्यावर,
वाळूचा मारा करून जुना रंग उडवणारे.
कुंजुमोन ओरडायचा, मास्क लावा.
मास्कने चष्म्यावर वाफ धरते,
मी ओला फडका बांधायचो नाकातोंडावर.
संध्याकाळी पिळला की विटकरी पाणी निघायचं.

नऊ वर्षं.

त्या नऊ वर्षांत सुगंधाने तीनदा कौल लावला,
राजापूरच्या दवाखान्यात दुर्बीण घालून घेतली,
नळ्या मोकळ्या आहेत असं लिहून आणलं
तरी नणंदेच्या डोहाळजेवणात
ती ओटी भरायला उठली तेव्हा
काकींनी मनगट धरून तिला खाली बसवलं.
हे मला तिने सांगितलं नाही. बहिणीने सांगितलं.
मला कुणीच म्हटलं नाही की तूही तपासून घे.
मी आखातात होतो. पैसे वेळेवर येत होते.

डॉक्टर मुनीरा दर शुक्रवारी ओहोटीला यायची,
अबाया कमरेला खोचलेला, पायात रबरी बूट.
तिला गोदीमागचे शंख हवे असायचे,
आतला जीव जिवंत असलेले, बादलीमागे एक दिनार.
कालवं काढत वाढलेला हात माझा,
दगडाची कुठली बाजू उलटायची ते त्याला सांगावं लागत नाही.

एकदा तिने एक शंख अडकित्त्यासारख्या यंत्रात फोडला,
भिंगाखाली धरला आणि मला बोलावलं.
ही मादी, म्हणाली, मोडक्या हिंदीत.
मग थांबली. बोटाने दाखवलं.
मादीच्या अंगावर, जिथे काही असायला नको तिथे,
नराचं एक इवलंसं शिंग उगवलेलं.
अंड्यांची वाट त्याने बुजवली होती.
अंडी आतच होती. भरलेली. बाहेर येऊ न शकणारी.

जहाजाला कालवं धरू नयेत म्हणून
रंगात कथील घालायचे, ती म्हणाली.
आता बंदी आहे. पण जुन्या तळांना जुने थर असतात,
खरवडले की इथे पडतात,
आणि गाळ काही विसरत नाही.

कथील.
मला एकदम आमच्या पाराखाली भाता मारणारा
हसन कल्हईवाला दिसला.
पितळेच्या पातेल्यात नवसागराचा धूर,
कापसाच्या बोळ्याने फिरवलेली चांदी,
आणि आई म्हणायची, आता ताक कळकणार नाही.
तेच का हे? मी विचारलं.
तिला कल्हई माहीत नव्हती. मी हातवारे करून सांगितली.
ती हसली नाही.
कथील तेच, म्हणाली, पण याला दुसरं काही जोडलेलं आहे,
म्हणून ते अंगात शिरून अंगाचीच भाषा बोलतं,
आणि अंगाला वाटतं, हा निरोप आपलाच.

माणसाच्या अंगातही?

तिने भिंग पुसलं. परत पुसलं.
गोगलगायीचं मी सांगू शकते, म्हणाली.
माणसाला शंभर गोष्टी लागतात, उष्मा, तंबाखू, वय, नशीब.
खोटं नाही सांगणार तुला.

मनामाच्या लॅबमध्ये कागद मिळाला.
आकडा होता, त्यापुढे खाली वळलेला बाण.
कारण या रकान्यात डॉक्टरने नुसती आडवी रेघ मारली.
मी ती रेघ बसमध्ये बराच वेळ बघत होतो.
पेनची शाई मधेच तुटली होती.

फोनवर मी सुगंधाला सगळं सांगितलं,
शंख, शिंग, फडक्यातलं पाणी, बाण,
उलटसुलट, जसं आलं तसं.
पलीकडे नळ चालू होता. तो बंद झाला.
मला वाटलं रडेल. मला वाटलं शिव्या देईल.
कार्डावर चार मिनिटं उरल्याचं बाई इंग्रजीत बोलून गेली.

मग सुगंधा म्हणाली,
काकींचा नंबर आहे ना तुमच्याकडे?